चार जागांचा हट्ट सोडा: कार्डाच्या पॉइंटवर पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम

मुलुंडहून एका ताईंनी विचारलं आहे. घरात चौघं: नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. पुढच्या मेच्या सुट्टीत पॅरिसला पाच रात्री आणि अ‍ॅमस्टरडॅमला तीन रात्री असा बेत आहे. यजमानांच्या क्रेडिट कार्डावर १,६०,००० पॉइंट साठलेत आणि ते विमान किंवा हॉटेल कंपन्यांकडे दोनास एक या दराने वळवता येतात. ताईंच्या कार्डावर १,१०,००० आहेत, ते एकास एक जातात. दोन्ही बँकांच्या पोर्टलवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या बुकिंगच्या संकेतस्थळावर, एका पॉइंटचे ५० पैसे धरतात. यजमानांचं म्हणणं असं की सगळे पॉइंट आत्ताच एका विमान कंपनीत टाकून मोकळं व्हावं, जमलं तर बिझनेस क्लासच घ्यावा. ताईंना त्याची धाकधूक वाटते आहे.

ताई, तुमची धाकधूक अगदी रास्त आहे. आज एकही पॉइंट हलवू नका. बँकेतून विमान कंपनीत गेलेला पॉइंट परत बँकेत येत नाही. बँकेत असेपर्यंत त्याचं तिकीट होऊ शकतं, हॉटेल होऊ शकतं, पोर्टलवर वापरता येतं. एकदा त्याचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, झाले की त्या एकाच कंपनीच्या जागांवर आणि त्या वेळच्या तिच्या भावावर तुम्ही अवलंबून. आणि ते भाव कुठल्याही दिवशी वाढू शकतात.

दादरला तिकिटांच्या काउंटरवर मी बावीस वर्षं काढली आहेत आणि ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. २०१७ साली घरच्यांना सिंगापूरला न्यायचं म्हणून मी आधी माइल्स हलवले आणि मग जागा शोधायला बसलो. मेच्या सुट्टीत एका विमानात चार जागा मिळेनात. शेवटी मी आणि थोरला आदल्या रात्री निघालो, ही आणि धाकटी दुसऱ्या दिवशी. धाकटीचा तो पहिला विमानप्रवास होता आणि मी सोबत नव्हतो. ते मला आजही लागून राहिलं आहे, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितो आहे.

पॉइंटवरच्या सहलींचे जे किस्से तुम्ही ऐकता, ते बहुतेक एकट्या माणसाचे किंवा जोडप्याचे असतात. त्यांना फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी उडता येतं. तुम्हाला शाळेची सुट्टी पाळायची आहे आणि जागा चार हव्यात. विमान कंपनी एका विमानात पॉइंटसाठी स्वस्त दराच्या जागा मोजक्याच सोडते. कितीदा तरी दोनच असतात. तुम्ही शोधताना प्रवासी चार टाकले की चौघांना पुरतील इतक्या जागा ज्या महागड्या कप्प्यात शिल्लक आहेत, त्याचाच भाव बहुतेक यंत्रणा चौघांनाही लावतात. काही कंपन्या तर ‘जागा उपलब्ध नाही’ एवढंच दाखवतात. तेच प्रवासी दोन टाकून बघा, त्याच विमानात निम्म्या माइल्सची जागा दिसू शकते.

म्हणून माझा सल्ला असा: दोघं पॉइंटवर, दोघं पैशांवर, विमान एकच.

तुमच्या मार्गासाठी एअर फ्रान्स आणि केएलएम यांची जोडी सोयीची आहे. एअर फ्रान्सचं विमान मुंबईहून थेट पॅरिसला जातं, केएलएमचं अ‍ॅमस्टरडॅमहून थेट मुंबईला येतं, आणि दोघांची माइल्सची योजना एकच, फ्लाइंग ब्लू. तिथे जातानाचं आणि येतानाचं तिकीट वेगवेगळं काढता येतं आणि त्याचा दंड बसत नाही. पैशांच्या तिकिटाचं तसं नसतं. मोठ्या कंपन्यांचं एका बाजूचं तिकीट जाऊन-येऊन तिकिटाच्या निम्म्याहून बरंच महाग पडू शकतं. त्यामुळे ‘जाताना चौघं पॉइंटवर, येताना चौघं पैशांनी’ ही वाटणी दिसायला समान असली तरी खिशाला जड जाते. पैशांनी जाणाऱ्या दोघांचं तिकीट जाऊन-येऊन एकत्रच काढा, जाताना पॅरिस आणि येताना अ‍ॅमस्टरडॅमहून. संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय त्यासाठीच असतो.

आता कोण कशावर? फ्लाइंग ब्लूमध्ये २ ते ११ वर्षांच्या मुलांना पॉइंटच्या तिकिटावर २५ टक्के सवलत आहे. मुलगा आठचा, त्याला ती मिळेल. मुलगी तेराची, म्हणजे विमानाच्या हिशेबात ती मोठी. (वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. बारावा वाढदिवस तोंडावर आलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे नीट बघावं.) मुलगा लहान असल्याने त्याच्या पीएनआरमध्ये मोठं माणूस हवंच. तेव्हा तुम्ही आणि मुलगा पॉइंटवर, यजमान आणि मुलगी पैशांवर.

फ्लाइंग ब्लूचे दर तारखेप्रमाणे बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत. समजा एका बाजूला मोठ्यांना ३०,००० माइल्स पडतात. तुमचे जाऊन-येऊन ६०,०००, मुलाचे ४५,०००, एकूण १,०५,०००. तुमच्या एकटीच्या कार्डात ते बसतात, वर पाच हजार उरतात. पॉइंटचं तिकीट फुकट नसतं, कर आणि अधिभार रोख भरावे लागतात. समजा ते माणशी २४,००० रुपये. पैशांचं तिकीट मोठ्यांना ७२,००० आणि मुलाला ६०,००० असेल तर तुमचे वाचले ४८,००० आणि मुलाचे ३६,०००. मिळून ८४,००० रुपये, म्हणजे एका माइलमागे ८० पैसे.

हा भागाकार प्रत्येक वेळी करायचा: पैशांच्या तिकिटातून पॉइंटच्या तिकिटावरचे कर वजा करा आणि उरलेल्याला माइल्सनी भागा. कर वजा करायला लोक विसरतात आणि पॉइंटची किंमत उगाच फुगवून बसतात. लंडनला ब्रिटिश एअरवेजने जाणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो, कारण त्यांच्या पॉइंट तिकिटावरचे रोख अधिभार भरमसाट असतात.

हेच गणित यजमानांच्या कार्डाला लावून बघा. त्यांचे दोन पॉइंट म्हणजे एक माइल. माइलला ८० पैसे आले तर पॉइंटला ४०. बँकेच्या पोर्टलवर न हलता ५० मिळतात. म्हणजे त्यांचे १,६०,००० विमान कंपनीत टाकून तुम्ही तोट्यात जाल. त्यांचे पॉइंट आणि तुमचे पॉइंट ही दोन वेगळी नाणी आहेत. दोघांना एकाच गुल्लकात टाकायची घाई करू नका.

मग त्यांचे कुठे लावायचे? हॉटेलात, आणि इथे कुटुंबाला पॉइंटचा खरा आधार होतो. त्यांच्या कार्डाच्या पार्टनरांच्या यादीत ‘अकॉर’ हे नाव आहे का, ते आज बघा. अकॉर म्हणजे नोव्होटेल, इबिस, मर्क्युअर वगैरे हॉटेलांची फ्रेंच कंपनी, पॅरिसमध्ये तिची हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या योजनेत २,००० पॉइंट म्हणजे बिलातून ४० युरो कमी. तारीख कुठलीही असो, दर हाच. ‘पॉइंटसाठी खोली शिल्लक नाही’ हा प्रकार नाही, खोली विक्रीला असली की पॉइंट चालतात. यजमानांचे १,६०,००० दोनास एकने तिथे गेले तर ८०,००० होतील, म्हणजे १,६०० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर १,६०,००० रुपये, पॉइंटला पूर्ण एक रुपया. पोर्टलवर याच पॉइंटचे ८०,००० रुपये आले असते.

पॅरिसला पाच रात्री २०० युरोंनी आणि अ‍ॅमस्टरडॅमला तीन रात्री २०० युरोंनी धरल्या तर १,६०० युरोंत खोलीभाडं भागतं. शहराचा कर वेगळा. अ‍ॅमस्टरडॅमला तो खोलीभाड्याच्या १२.५ टक्के आहे, आणि २०२६च्या जानेवारीपासून नेदरलँड्समध्ये हॉटेलवरचा मूल्यवर्धित करही ९ वरून २१ टक्क्यांवर गेला आहे. त्यामुळे तिथे तीनच रात्री ठेवल्यात ते बरं केलंत.

अकॉरचे पॉइंट खात्यात वर्षभर काहीच हालचाल नसली तर संपतात, म्हणून तेही खोली नक्की झाल्यावरच हलवा. बँकांनी अशा बदलीवर वर्षाची किंवा महिन्याची मर्यादा घातलेली असते, तीही बघून घ्या. यादीत अकॉर नसेल तर यजमानांचे पॉइंट सरळ पोर्टलवर हॉटेलासाठी वापरा. काही कार्डांवर बिलाचा ठरावीक हिस्साच पॉइंटने भरता येतो, उरलेला कार्डाने. तसं असलं तरी चालेल.

हॉटेलबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. आपल्याकडे एका खोलीत एक जास्तीची गादी टाकून चौघं झोपतात. युरोपात खोलीगणिक माणसांची संख्या ठरलेली असते आणि ती मोडत नाहीत. माझ्याकडून तिकीट घेतलेलं ठाण्याचं एक कुटुंब रात्री साडेदहाला पॅरिसच्या हॉटेलात पोहोचलं. बुकिंग दोन माणसांचं, दारात चौघं. रात्री, त्या क्षणाच्या भावाने, त्यांना दुसरी खोली घ्यावी लागली. हॉटेलची काही चूक नव्हती. बुकिंग करताना मुलं ‘लहानच आहेत’ म्हणून त्यांनी टाकली नव्हती, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारतो. नोव्होटेलमध्ये १६ वर्षांखालची दोन मुलं आईवडिलांच्या खोलीत मोफत राहू शकतात आणि त्यांचा नाश्ताही त्यात धरतात. तुमची दोन्ही मुलं त्यात बसतात. तरीही शोधताना चौघंही टाका, मुलांची वयं टाका आणि खोलीच्या वर्णनात चौघांची सोय लिहिलेली आहे ना ते वाचा.

आता नावाचा विषय. हा आपल्याकडे फार अडतो. पॉइंट फक्त कार्डधारकाच्याच नावच्या विमान खात्यात जातात. तुमचं कार्ड लग्नानंतरच्या नावाने, पासपोर्ट माहेरच्या नावाने, आणि फ्लाइंग ब्लूचं खातं घाईत नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकून काढलेलं, असं असेल तर बदली अडकते. अडकली नाही तर पुढे तिकिटावर चुकीचं नाव छापलं जातं. आधी पासपोर्ट समोर ठेवा. आडनावाच्या आणि दिलेल्या नावाच्या रकान्यांत जे जसं आहे, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जिथे जोडलं आहे, तसंच विमान खात्यात घाला. कार्डावरचं नाव वेगळं असेल तर बँकेत अर्ज देऊन ते आधी सुधारून घ्या, त्याला वेळ लागतो. मग सगळ्यात कमी जेवढे पॉइंट हलवता येतील तेवढेच हलवून बघा. ते नीट पोहोचले का आणि किती वेळात पोहोचले, हे कळलं की मोठी रक्कम हलवताना धास्ती राहत नाही. काही बदल्या मिनिटांत होतात, काहींना दिवस लागतात, आणि तेवढा वेळ स्क्रीनवर दिसणारी जागा तुमच्यासाठी कोणी राखून ठेवत नाही.

क्रम असा ठेवा. तिकिटांची विक्री प्रवासाच्या साधारण अकरा-बारा महिने आधी उघडते, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, प्रवासी दोन टाकून, बघत राहायचं. शनिवार-रविवार सोडा, मंगळवार-बुधवार बघा. मुलांची परीक्षा संपल्यावर लगेच निघता येत असेल तर मेचा पहिला आठवडा चांगला: ट्यूलिपसाठी प्रसिद्ध असलेली अ‍ॅमस्टरडॅमजवळची कोइकेनहोफची बाग साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते. ज्या दिवशी पॉइंटच्या दोन जागा दिसतील, त्या दिवशी त्याच विमानाचं पैशांचं तिकीट काय भावाने आहे तेही बघा. दोन्ही बाजू जुळल्या की माइल्स हलवा, पॉइंटची तिकिटं काढा आणि त्याच बैठकीत उरलेली दोन पैशांनी काढा. उद्यावर ठेवू नका.

दोन पीएनआर झाले की विमान कंपनीला फोन करून ते एकमेकांशी जोडल्याची नोंद करायला सांगा. त्याने जागा आपोआप शेजारी येत नाहीत, पण विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर चौघं एकत्र आहेत हे समोरच्या माणसाला दिसतं. शेजारच्या जागांसाठी थोडे पैसे मोजावे लागले तर मोजा. नऊ-दहा तासांचा रस्ता आहे.

व्हिसाच्या बाबतीत पॉइंटच्या तिकिटाचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेसाठी नोव्हेंबर उजाडायला हवा. तिकीट तर तुम्ही त्याआधी काढलेलं असणार. स्वस्तातलं पैशांचं तिकीट रद्द केलं तर बहुतेक पैसे बुडतात. पॉइंटचं तिकीट सहसा ठरावीक शुल्क भरून रद्द करता येतं आणि माइल्स परत मिळतात. मात्र ते विमानाच्या खात्यात परत येतात, बँकेत नाही. म्हणून यजमान आणि मुलीच्या तिकिटासाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी रद्द करता येईल असंच भाडं घ्या. हॉटेलही तसंच.

तुमच्या रात्री पॅरिसला जास्त आहेत, म्हणून अर्ज फ्रान्सकडे करायचा. व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५ युरो. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं आकारतात. मुलगी बारा पूर्ण असल्याने तिला बोटांचे ठसे द्यावे लागतील, मुलाला नाही. ३०,००० युरोंचं प्रवासी आरोग्य कवच चौघांनाही हवं. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट मुंबईत पटापट भरतात, तेव्हा मार्चपर्यंत थांबू नका.

बिझनेस क्लासबद्दल यजमानांना माझ्याकडून प्रेमाने सांगा: एका माणसाच्या बिझनेस क्लासला लागणाऱ्या माइल्समध्ये साध्या वर्गाची दोन-तीन तिकिटं होतात. पहिल्या परदेश सहलीत मुलांना साध्या वर्गातली जागाही चालते, त्यांना फक्त खिडकी हवी असते. ते माइल्स आईवडिलांच्या कधीतरीच्या लांबच्या प्रवासासाठी ठेवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आडवं होता येणं ही चैन नसते.

तिथे गेल्यावरच्या खर्चात पॉइंटपेक्षा कार्डाची निवड जास्त पैसे वाचवते. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराला ३.५ टक्के आकार असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. लाखभर रुपये खर्च केलेत तर ४,१३० रुपये, आणि त्यावर मिळणारे पॉइंट क्वचितच तेवढे भरून काढतात. हा आकार नसलेली किंवा कमी असलेली कार्डं मिळतात, एक घेऊन ठेवा. दुकानात मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो म्हणा. रुपयांत घेतलं की ते आपला दर लावतात आणि तो महाग असतो. दोघांपैकी कुणाच्याही कार्डावर थकबाकी असेल तर आधी ती फेडा. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज भरून कमावलेले पॉइंट आपल्याच खिशातून गेलेले असतात.

पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम युरोस्टारने जा, साधारण साडेतीन तास लागतात आणि गाडी शहराच्या मध्यातून मध्यात नेते. तिकिटं विमानांसारखीच महाग होत जातात, तारखा पक्क्या झाल्या की लगेच काढा. लूव्र संग्रहालयात १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, तुम्हा दोघांना मात्र माणशी ३२ युरो पडतील, युरोपाबाहेरच्या पाहुण्यांसाठी जानेवारी २०२६पासून हा दर आहे. मंगळवारी ते बंद असतं, आणि १ मेलाही.

यजमान आणि मुलगी पैशांच्या तिकिटावर आहेत, त्यांना या प्रवासाचे माइल्स मिळतील. मुलीचंही फ्लाइंग ब्लू खातं काढा. ‘फ्लाइंग ब्लू फॅमिली’मध्ये दोन मोठे आणि सहा मुलांपर्यंत माइल्स एकत्र करता येतात. तुमचे उरलेले पाच हजारही तिथे कामाला येतील.

आता पुढचं पाऊल. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी. मुलाचा पासपोर्ट तो तीन-चार वर्षांचा असताना काढला असेल, तर तो आता संपत आलेला किंवा संपलेला असणार. तसं असेल तर नवीन पासपोर्टचा अर्ज या आठवड्यातच घाला, आणि तो हातात आल्यावर मुलाचं तिकीट काढा. दोन्ही कार्डांच्या पार्टनरांची यादी आणि चौघांच्या पासपोर्टवरची नावं तपासून झाली की मला कळवा, तारखा आपण मिळून बघू.